कॅप्सूलची तुलना (कंडेन्सर मायक्रोफोन)

कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये आवाज पकडणारा भाग म्हणजे कॅप्सूल. गाजलेल्या जुन्या युरोपीय मायक्रोफोनांच्या धर्तीवर आज बनणाऱ्या कॅप्सूल एकाच आवाजासमोर लावून त्यांच्या नादातला फरक पारखणे म्हणजे कॅप्सूलची तुलना.

कॅप्सूलमध्ये बारीक छिद्रे पाडलेली पितळी चकती असते आणि तिच्यापासून केसाच्या जाडीइतक्या अंतरावर सोन्याचा मुलामा दिलेला पडदा ताणलेला असतो. आजच्या बहुतेक नकलांत हा पडदा सुमारे ६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या मायलर या प्लॅस्टिकचा असतो. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधली विद्युतधारिता, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, बदलते. अमेरिकी संशोधक ई. सी. वेंट यांनी १९१६ मध्ये उभे केलेले हे तत्त्व अजून तेच आहे. नाद ठरतो तो छिद्रांची संख्या व खोली, पडद्याचा ताण आणि मागे कोंडलेली हवा यांवरून. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ड्रिल मशीनवर हात बसलेल्या माणसाला यातली मेख वेगळी सांगावी लागत नाही.

मूळ घराणी तीन-चारच. जर्मनीच्या नॉयमान कंपनीच्या यू-४७ या मायक्रोफोनमध्ये (१९४९) एम-७ ही कॅप्सूल होती. तिचा पडदा पीव्हीसीचा असल्याने तो वर्षांगणिक कडक होत जातो, त्यामुळे आज मिळणारी जुनी एम-७ पूर्वीसारखी वाजेलच असे नाही. तिच्या जागी आलेली के-४७ मायलरची. मधले सूर पुढे आणणारी, भरदार. ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीच्या सी-१२ मधली (१९५३) सीके-१२ पितळी कड्याची असून तिची तार पडद्याच्या कडेला जोडलेली असते. तिचे वरचे सूर मोकळे, हवेशीर. नॉयमानच्याच यू-६७ मधल्या (१९६०) के-६७ चे वरचे सूर मात्र मुळातच चढे आहेत.

तुलनेत सर्वाधिक फसगत होते ती याच के-६७ ने. तो चढ उतरवण्याची सोय यू-६७ च्या सर्किटमध्ये केलेली होती. पुष्कळ स्वस्त मायक्रोफोनांत कॅप्सूल त्या धर्तीची घातलेली असते, पण सर्किट साधे असते. आवाज टोचू लागला की बोल कॅप्सूलला! वास्तविक शरीर, जाळी आणि सर्किट एकच ठेवून फक्त कॅप्सूल बदलली तरच त्या ऐकण्याला तुलना म्हणावे. आवाजाची पातळीही अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला बहुधा सरस वाटतो. गायक चार बोटे पुढे सरकला तरी खर्ज फुगतो, म्हणून अंतर फूटपट्टीने मोजलेले बरे.

कशावर पारखायचे, हाही प्रश्न आहे. कोल्हापूर ही शाहू महाराजांच्या दरबारी गायक अल्लादिया खाँ यांची कर्मभूमी. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी आकाराची, म्हणजे ‘आ’ या स्वरावर गाण्याची. पण निव्वळ आकारावर दोन चांगल्या कॅप्सूलमधला फरक जवळजवळ लपतो. पोवाडा किंवा लावणी लावली की तो उघडा पडतो. ‘चोर’, ‘चूल’, ‘झालं’ यांतले दंत्य च-झ आणि शब्दाशब्दातले स-श वरच्या पट्टीत फटकारे मारतात, आणि चढी कॅप्सूल तिथेच पकडली जाते. तंबोऱ्याची जवारी सीके-१२ जातीच्या कॅप्सूलवर खुलते. कुस्तीच्या मैदानातली हलगी मात्र निर्दय परीक्षक आहे. काडीचा कडाका आणि शेजारच्या घुमके या वाद्याचा खालचा घुमारा एकत्र आले, की भरदार म्हणून घेतलेली कॅप्सूल कधी कोंदट ठरते. हलगीसाठी मायक्रोफोन निदान तीन-चार फूट दूर ठेवावा, नाहीतर कॅप्सूलऐवजी पुढच्या सर्किटची मर्यादाच ऐकू येते.

जुलै-ऑगस्टच्या पावसात कोल्हापुरात ही कामे अडतात. कॅप्सूलचा विद्युतरोध प्रचंड असल्याने दमट हवेत तिच्या कडेवरून गळती होते आणि चरचर, फटफट असे आवाज येतात. मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवतात. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या निर्वात नळीचा) असेल तर ध्वनिमुद्रणाआधी तासभर चालू करून गरम होऊ देतात. पडद्यावर फुंकर मारून तो सुकवू नये, थुंकीचे कण सोन्याच्या मुलाम्यावर बसतात.