सामूहिक उपासना : इंग्लंडच्या चर्च-प्राथमिक शाळांतील

इंग्लंडमध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांनी रोज मुलांना एकत्र आणून प्रार्थना, गायन, कथाश्रवण आणि मूक चिंतन यांसाठी वेळ द्यावा, असा कायदा आहे. या परिपाठाला तेथे सामूहिक उपासना म्हणतात. नियम सर्वच शाळांना लागू असला, तरी ही उपासना खऱ्या अर्थाने मुरलेली दिसते ती चर्च ऑफ इंग्लंड या तिथल्या अधिकृत ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या प्राथमिक शाळांत. या चर्चच्या शाळा ४,६०० च्या आसपास असून त्यांतल्या बहुतेक ४ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. देशातल्या साधारण दर चार प्राथमिक शाळांमागे एक शाळा या चर्चची आहे. खेड्यात पुष्कळदा दुसरी शाळाच नसते. त्यामुळे तिथे ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू, शीख आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या घरांतली मुले एकाच जमिनीवर मांडी घालून बसतात. ही प्रथा समजून घ्यायची तर आधी हे मिश्र बसणे ध्यानात घ्यावे लागते.

चर्चने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढायला सुरुवात केली ती सरकारने शिक्षणात लक्ष घालण्याच्या कितीतरी आधी. १८११ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटी या चर्चच्या शिक्षणसंस्थेने गावोगावी, पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागाच्या) देवळालगत शाळा उभ्या केल्या. १८७० च्या शिक्षण कायद्याने सरकारी मंडळांच्या शाळा सुरू झाल्या आणि त्याबरोबर दोन महत्त्वाच्या अटी आल्या. मंडळाच्या शाळेत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी (धर्मतत्त्वे पाठ करून घेण्याची प्रश्नोत्तरांची पोथी) शिकवायची नाही, ही पहिली. दुसरी अट अनुदान घेणाऱ्या चर्चच्या शाळांनाही लागू होती : धर्मपाठ आणि प्रार्थना शाळेच्या सुरुवातीला किंवा शेवटी घ्यायची, म्हणजे ज्या पालकांना ती नको असेल त्यांना आपले मूल बाहेर ठेवता येईल. सदसद्विवेकाला दिलेली ही वाट आजच्या कायद्यातही टिकून आहे.

रोजची प्रार्थना तोवर रूढीने चालत होती, ती कायद्याने बंधनकारक झाली १९४४ मध्ये. महायुद्ध चालू असताना शिक्षणखाते सांभाळणारे मंत्री आर. ए. बटलर यांनी आणलेल्या कायद्याने शाळेचा दिवस सामूहिक उपासनेनेच सुरू व्हावा असे ठरवले. १९८८ च्या कायद्याने ‘दिवसाच्या सुरुवातीला’ ही अट काढली. उपासना केव्हाही, सगळ्या शाळेची एकत्र किंवा गटागटाने घेता येऊ लागली. धर्मसंस्थेशी न जोडलेल्या शाळांत मात्र तिचे स्वरूप एकंदरीत ख्रिस्ती असावे, पण कोणत्याही एका पंथाचे नसावे, असे त्याच कायद्याने सांगितले. चर्चच्या शाळांना ही मर्यादा नाही. त्यांची उपासना शाळेच्या मूळ विश्वस्तपत्रानुसार चालते.

प्रत्यक्षात हे घडते शाळेच्या हॉलमध्ये. बहुतेक ठिकाणी याच हॉलमध्ये पीटी होते आणि दुपारची जेवणेही याच हॉलमध्ये उठतात. एकेक वर्ग रांगेने, न बोलता आत येतो. चिमुरडी पुढे जमिनीवर बसतात आणि सहावीची मुले पाठीमागच्या बाकांवर. समोरच्या छोट्या टेबलावरचे कापड चर्चच्या वर्षाप्रमाणे बदलते : आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि लेंटमध्ये (ईस्टरआधीचा उपवासकाळ) जांभळे, नाताळ आणि ईस्टरला पांढरे किंवा सोनेरी, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) लाल, एरवी हिरवे. एखादी मुलगी पुढे येऊन पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन मेणबत्त्या पेटवते. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ या अभिवादनाला सगळा हॉल उत्तर देतो. मग गोष्ट येते, बहुधा येशूचा एखादा दाखला, म्हणजे बोधकथा : वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणारा चांगला शोमरोनी, हरवलेले मेंढरू, उधळ्या पुत्र. कधी पाळक येतात, कधी मंडळीतले स्वयंसेवक वेश करून गोष्टीचे नाट्य करतात. अलीकडे मुलांचे स्वतःचे उपासना-मंडळही असते. गीत कोणते घ्यायचे, प्रार्थना कोणी लिहायची, हे ती मुले ठरवतात, आणि त्यांनी आखलेल्या उपासनेला इतर मुले जास्त कान देतात.

कसोटीचा क्षण पुढे येतो. गोष्ट संपल्यावर शिक्षिका एक प्रश्न टाकते आणि थोडा वेळ कोणीच बोलत नाही. ‘जखमी माणसाला ओलांडून पुढे जाणाऱ्याच्या मनात काय आले असेल?’ अशा प्रश्नाचे उत्तर हात वर करून द्यायचे नसते. मग ती सांगते, ‘मी आता प्रार्थना म्हणणार आहे. ती तुमचीही आहे असं वाटलं तर शेवटी आमेन म्हणा. नाही तर शांत बसून आपला विचार करा.’ हे वाक्य उपचारापुरते उच्चारले तर ऐकणारी लहान मुले निमूटपणे आमेन म्हणतात, एवढेच. मनापासून उच्चारले तर नमाज पढणाऱ्या घरातल्या मुलालाही त्या हॉलमध्ये हक्काची जागा मिळते. चर्चच्या आजच्या धोरणातही उपासना सर्वांना सामावणारी, निमंत्रण देणारी आणि प्रेरक असावी असे म्हटले आहे. या तिन्हींत निमंत्रणाचे मोल सर्वांत मोठे मानायला हवे.

चिंतन हॉलपुरते राहत नाही. वर्गातही एक कोपरा त्यासाठी राखलेला असतो. मनातली काळजी गुळगुळीत दगडावर सोपवून तो पाण्यात सोडायचा, किंवा आभाराची चिठ्ठी फांदीला बांधायची, अशा साध्या कृती तिथे चालतात. त्यामागे अभ्यास आहे. १९९० च्या दशकात डेव्हिड हे (Hay) आणि रेबेका नाय या संशोधकांनी सहा आणि दहा वर्षांच्या मुलांशी दीर्घ बोलणी केली. धर्माची भाषा न येणारी मुलेही स्वतःशी, इतरांशी, सृष्टीशी आणि देवाशी असलेल्या नात्याविषयी खोलवर बोलतात, असे त्यांना आढळले. माँटेसरी पद्धतीचाही यावर मोठा प्रभाव आहे. रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती यांनी ती पद्धत धर्मशिक्षणात आणली आणि अमेरिकेतल्या जेरोम बेरीमन यांनी तिच्यावरून लाकडी बाहुल्या, वाळू आणि मोकळे प्रश्न यांवर उभी असलेली कथनाची रीत घडवली. गोष्ट सांगणारा मुलांकडे न पाहता हातातल्या बाहुल्यांकडे पाहतो, म्हणून मुलांचे लक्षही गोष्टीवरच राहते.

वर्षभरात सणही येतात. शरदात सुगीची उपकारस्तुती होते. पूर्वी धान्य आणि भाज्या आणत, आता गरजूंच्या अन्नपेढीसाठी डबाबंद पदार्थ गोळा होतात. नाताळाच्या सुमारास ख्रिस्तजन्माचे नाटक होते आणि क्रिस्टिंगलही, म्हणजे सजवलेले संत्रे हाती घेऊन केलेली उपासना : संत्रे म्हणजे जग, भोवतीची लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, चार काड्यांना टोचलेले बेदाणे नि गोळ्या म्हणजे ऋतू आणि पृथ्वीची फळे, वर पेटती मेणबत्ती. १७४७ मध्ये जर्मनीतल्या मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळीत उगम पावलेली ही रीत ब्रिटनमध्ये सर्वत्र पसरली ती १९६८ पासून, चिल्ड्रन्स सोसायटी या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेमुळे.

वाद आहे तो सक्तीबद्दल. आईवडिलांनी चिठ्ठी दिली की मूल बाहेर बसते, पण सगळा वर्ग हॉलकडे निघाल्यावर एकट्याने ग्रंथालयात बसणे सहा वर्षांच्या मुलाला शिक्षेसारखे वाटू शकते. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या एका प्राथमिक शाळेवरून झालेल्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हाच मुद्दा धरला. तिथले धर्मशिक्षण आणि उपासना पुरेशी वस्तुनिष्ठ, चिकित्सक आणि बहुविध नाही, आणि वगळण्याची मुभा दिल्याने तो दोष भरून निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले. इंग्लंडचा कायदा वेगळा असला, तरी तिथल्या शाळांनाही हा प्रश्न चुकवता येणार नाही.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) ने याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक उपासनेला बसवायचे तर आधी पालकाची संमती लागते. इंग्लंडमध्ये मूल उपासनेत धरलेलेच असते आणि पालकांना ते मागून काढून घ्यावे लागते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी पालकांना हा फरक शाळेच्या पहिल्याच पत्रकात दिसतो. त्यांना मुलाला सर्व उपासनेतून वगळता येते, किंवा नुसत्या चर्चभेटीतूनही. त्यासाठी कारण देणे बंधनकारक नाही, आणि त्या वेळात मुलाची देखरेख करणे ही शाळेचीच जबाबदारी राहते.