वजनकाट्याआधीचं रसायन
नाशिकच्या पांढऱ्या वाइनची बाटलीत जाण्याआधी एक साधी परीक्षा घेता येते. नमुना ८० अंशांवर दोनेक तास तापवायचा, गार करायचा आणि उजेडासमोर धरायचा. दुधाळ झाक दिसली, तर द्राक्षातली प्रथिनं अजून शिल्लक आहेत. मग बेंटोनाइटची माती घालून ही प्रथिनं तळाशी बसवायची. ही प्रथिनं मुख्यतः कायटिनेज आणि थॉमॅटिनच्या कुळातली. प्रथिन कोणतं, हे इतक्या नेमकेपणानं सांगता येणं अगदी अलीकडचं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि पूर्वी ते ओळखायला त्या आम्लांचा क्रम लावावा लागे.

इन्शुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावायला फ्रेडरिक सँगर यांना दहाएक वर्षं लागली. १९५० मध्ये पेर एडमन यांनी साखळीच्या टोकाचं एकेक आम्ल सोडवून घ्यायची रीत दिली. रीत देखणी, पण माल बराच लागे, आणि टोक बंद असलं की कामच अडायचं.

मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचा वजनकाटा, तेव्हाही होता, पण तो वायुरूप आयनच (विद्युतभारित कणच) तोलतो आणि प्रथिन तापवलं की उडण्याआधी करपतं. वाट १९८०च्या दशकात सापडली. जॉन फेन यांनी द्रावणाचे विद्युतभारित तुषार उडवले. क्योटोत कोइची तानाका यांच्याकडून कोबाल्टच्या भुकटीत चुकून ग्लिसरीन पडलं. भुकटी महाग, म्हणून टाकून न देता त्यांनी ती लेसरखाली ठेवली, आणि प्रथिन न करपता उडालं. दोघांना २००२ चं नोबेल मिळालं. आज प्रयोगशाळांतून वापरात आहे ती कारास आणि हिलेनकँप यांची लेसरचीच रीत, माल्डी. त्यांचं नाव त्या यादीत नाही, हे मला अजून खटकतं.

तरी खरी मेहनत यंत्राआधीची. डीटीटी या रसायनानं प्रथिनातले गंधकाचे बंध सोडवायचे, ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोॲसिटामाइड हे दुसरं रसायन लावायचं. त्यानं सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो आम्लामागे प्रत्येकी ५७ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक) वाढतात, ते हिशेबात धरायचे. मग ३७ अंशांवर रात्रभर ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. ते लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांच्या पुढेच कापतं, म्हणून तुकड्यांची वजनं आधीच मांडता येतात. हातमोजे विसरलात, तर आपल्याच कातडीचं प्रथिन, केराटिन, नमुन्यात उतरतं.

१९९३ मध्ये पाच गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की या वजनांच्या संचावरून प्रथिन ओळखता येतं. वर्षभरात एंग, मॅकॉर्मॅक आणि येट्स यांनी तुकडा यंत्रातच फोडून मिळालेला वर्णपट, म्हणजे बारीक तुकड्यांच्या वजनांचा आलेख, संगणकाकरवी जुळवला. जुळवायला मात्र प्रथिनांची यादी हवी. द्राक्षवेलीचा जीनोम, म्हणजे तिच्या सगळ्या जनुकांचा आराखडा, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि द्राक्षापुरती ती यादी हाती आली.