शून्य कॅलरी पदार्थ आणि वजनवाढ

शून्य कॅलरी पदार्थ : खाल्ल्यावर किंवा प्यायल्यावर शरीराला जवळजवळ काहीच ऊर्जा न देणारे पदार्थ. साखरेऐवजी सॅकरिन, ॲस्पार्टेम, सुक्रालोज किंवा स्टीव्हिया घातलेली डाएट पेये, गोडीच्या पुड्या व गोळ्या, कोंजाक कंदाच्या पिठाचे नूडल्स, स्वयंपाकाच्या तेलाचे फवारे, बिनसाखरेची सरबते असे अनेक प्रकार या नावाखाली विकले जातात. वजन उतरवण्यासाठी हे पदार्थ घेणाऱ्या काहींचे वजन वाढते आणि संशय पदार्थावरच येतो. शरीरात चरबी साठते ती वापरून उरलेल्या ऊर्जेतून. ज्यातून ऊर्जा मिळतच नाही त्याची चरबी होत नाही. म्हणून अशा वेळी आधी तीन गोष्टी पाहाव्यात : वेष्टनावरचे शून्य खरोखर शून्य आहे का, त्या पदार्थासोबत किंवा त्याच्या भरवशावर आणखी काय खाल्ले जाते, आणि काट्यावर दिसणारी वाढ चरबीची आहे की पाण्याची.

वेष्टनावरचे शून्य

अमेरिकेच्या नियमानुसार एका वेळच्या प्रमाणात ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर पदार्थाला ‘कॅलरी-फ्री’ म्हणता येते आणि तक्त्यात ० छापता येतो. (कॅलरी म्हणजे येथे किलोकॅलरी.) कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत पेयांसाठी ही मर्यादा १०० मिलिलिटरला ४ कॅलरी आहे. दोन्हींतला फरक महत्त्वाचा आहे. कोडेक्सची मर्यादा ठरावीक मापाशी बांधलेली आहे, तर अमेरिकेची ‘एका वेळच्या प्रमाणा’शी. ते प्रमाण फार लहान असले की जवळजवळ शुद्ध तेलही शून्य ठरते.

तेलाचा फवारा हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. त्याचे एका वेळचे प्रमाण पाव ग्रॅम, म्हणजे सुमारे पाव सेकंदाचा दाब, धरतात. त्यात २ कॅलरी येतात, म्हणून छापले जाते ०. पण तव्यावर पाव सेकंद फवारून कोणी थांबत नाही. ५ सेकंद दाबल्यास साधारण ५ ग्रॅम तेल पडते. ते एक चहाचा चमचाभर झाले, आणि त्याच्या ४५ कॅलरी. दिवसातून दोनदा असे केले तर ९० कॅलरी होतात, आणि खाणाऱ्याच्या वहीत त्यांची नोंद शून्यच असते. एक किलो चरबी साठायला सुमारे ७,७०० कॅलरी लागतात. त्या हिशेबाने वर्षाला चार किलोंहून अधिक भर पडेल. प्रत्यक्षात एवढी पडत नाही, कारण वजन वाढले की शरीराचा ऊर्जाखर्चही वाढतो. तरीही ही चूक किरकोळ समजू नये. फवारा वापरणे वाईट नाही, डब्यातून ओतण्यापेक्षा तेल कमीच लागते. फक्त ते तेल म्हणून मोजायला हवे.

गोडीच्या पुडीत अडचण वेगळी असते. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड आहे, सुक्रालोज सुमारे ६०० पट. दोन चमचे, म्हणजे ८ ग्रॅम साखरेइतक्या गोडीला ॲस्पार्टेम जेमतेम ४० मिलिग्रॅम पुरते. एवढीशी पूड पुडीत भरता येत नाही आणि चिमटीतही येत नाही. म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन मिसळून पुडी साधारण १ ग्रॅमची करतात. ही भर कर्बोदकाचीच असते आणि पुडीमागे ३ ते ४ कॅलरी देते. दिवसाला दहा पुड्या लागल्या तर ३०-४० कॅलरी होतात. तेवढ्याच गोडीच्या वीस चमचे साखरेत ३२० कॅलरी असतात, हेही लक्षात ठेवावे. द्रवरूप थेंबांत ही भर जवळजवळ नसते.

‘शुगर-फ्री’ आणि ‘कॅलरी-फ्री’ हे शब्द एकाच अर्थाचे समजण्याची चूक सर्वांत महाग पडते. शुगर-फ्री बिस्किटात साखरेच्या जागी बहुधा माल्टिटॉल असते. सॉर्बिटॉल आणि एरिथ्रिटॉलप्रमाणे तेही साखरेपेक्षा कमी कॅलरी देणारे ‘शर्करा-अल्कोहोल’ गटातले गोडकारक आहे. त्याच्या ग्रॅममागे २.१ कॅलरी धरतात (युरोपीय नियमात २.४), सॉर्बिटॉलच्या २.६, एरिथ्रिटॉलच्या मात्र ०.२. साखरेच्या ४ असतात. १०० ग्रॅम बिस्किटांत ४८० कॅलरी आणि त्यांत २० ग्रॅम साखर आहे असे धरले, तर ती सगळी काढून माल्टिटॉल घातल्यावर वाचतात सुमारे ३२ ते ३८. मैदा आणि स्निग्ध पदार्थ जागच्या जागी राहतात. पंधरा बिस्किटांमागे एक जास्त खाल्ले की बचत जवळपास संपली.

भरपाई

डाएट पेय घेतले म्हणून सोबत तळलेले चालेल, ही सूट माणूस स्वतःला नकळत देतो. साखरेच्या ३३० मिलिलिटर कोलात साधारण १४० कॅलरी असतात. डाएट प्रकार घेतल्याने तेवढ्या वाचतात, पण सोबतच्या मुठीएवढ्या तळलेल्या बटाट्यांत त्या परत येतात. चहा-कॉफीतही तसेच. पुडी शून्याची असली तरी ५० मिलिलिटर साय असलेल्या दुधात सुमारे ३२ कॅलरी असतात, आणि सहा कपांत त्या दोनशेच्या घरात जातात.

गोड चव लागली पण साखर आली नाही, म्हणून शरीर जास्त भूक लावते का, हा प्रश्न बराच वादग्रस्त आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील २००८ च्या प्रयोगात सॅकरिन घातलेले दही खाणारे उंदीर ग्लुकोजचे दही खाणाऱ्यांपेक्षा अधिक जाड झाले. माणसांवरील चाचण्यांत चित्र वेगळे दिसते. नेदरलँड्समधील ६४१ मुलांना १८ महिने रोज २५० मिलिलिटर साखरेचे किंवा बिनसाखरेचे पेय देण्यात आले. कोणाला कोणते मिळते हे मुलांना ठाऊक नव्हते. २०१२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार साखरेच्या गटाचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले, तर बिनसाखरेच्या गटाचे ६.३५ किलोने. वाढत्या वयाच्या मुलांत दोन्हीकडे वाढ होणारच. फरक एक किलोचा होता, आणि तो डाएट पेयाच्या बाजूने.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे गोडकारक वापरू नयेत, अशी सशर्त शिफारस केली. तिच्यामागील आढाव्यात नियंत्रित चाचण्यांत गोडकारक घेणाऱ्यांचे वजन सरासरी ०.७१ किलोने कमी भरले. वर्षानुवर्षे चाललेल्या निरीक्षणात्मक अभ्यासांत मात्र त्यांच्यात लठ्ठपणाचा धोका जास्त दिसला. हा विरोध समजून घेताना कार्यकारण उलटेही असू शकते हे विसरू नये : वजन वाढू लागलेली माणसेच डाएट पेयांकडे अधिक वळतात. सर्व गोडकारकांना एकाच पारड्यात टाकणेही बरोबर नाही. २०१९ मधील एका बारा आठवड्यांच्या चाचणीत साखर घेणाऱ्यांप्रमाणेच सॅकरिन घेणाऱ्यांचेही वजन वाढले, पण ॲस्पार्टेम आणि स्टीव्हिया घेणाऱ्यांत लक्षणीय बदल झाला नाही. सॅकरिन व सुक्रालोज काहींच्या आतड्यांतील जिवाणूंत बदल घडवून रक्तातील साखरेवर परिणाम करतात, असे इस्रायलमधील वाइझमान संस्थेच्या अभ्यासांत दिसले. त्यातून चरबी वाढते, हे मात्र त्यांतून सिद्ध होत नाही.

पाण्याचे वजन

अर्धा लिटर डाएट पेय प्यायल्यावर लगेच काट्यावर उभे राहिल्यास वजन अर्धा किलो जास्त दिसते. ते काही तासांत लघवी आणि घामावाटे उतरते. मिठाचा प्रश्न यापेक्षा चिवट. कमी कॅलरीचे तयार सूप, सॉस आणि लोणच्यांत मीठ भरपूर असते, आणि ते शरीरात पाणी धरून ठेवते. एखाद्या खारट दिवसानंतर दुसऱ्या सकाळी एक किलोचा फरक पडू शकतो. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल जास्त झाले तर पोट फुगते आणि कमरेचा पट्टा आवळतो. तो वायू असतो, चरबी नव्हे.

पडताळणी

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करावे आणि आठवड्याच्या सरासरीची तुलना करावी. दोन दिवसांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. सलग तीन आठवडे सरासरी चढत असेल तर वाढ चरबीची असण्याची शक्यता बळावते. मग वेष्टनावरील ‘एका वेळचे’ आकडे सोडून १०० ग्रॅमचा रकाना वाचावा. तो नसेल तर घटकांची यादी पाहावी : तेल, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा माल्टिटॉल पहिल्या तीनांत असल्यास पदार्थ शून्याचा नाही. डबा किंवा बाटली किती दिवसांत संपते तेही टिपावे. २०० ग्रॅम तेलाचा फवारा २० दिवसांत संपला, तर रोजचे तेल १० ग्रॅम.

पदार्थच कारण आहे का हे पाहायचे असेल तर तो तीन आठवडे बंद करावा, बाकीचे जेवण तेच ठेवावे आणि त्याच्या जागी पाणी घ्यावे. येथे हमखास होणारी चूक म्हणजे डाएट पेय सोडून फळांचा रस सुरू करणे. संत्र्याच्या २५० मिलिलिटर रसात ११० च्या आसपास कॅलरी असतात, आणि सरासरी चढतच राहिली तर दोष कशाचा हे कळत नाही.