खिडकीतलं मिठागर

एप्रिल लागला की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि आमच्याकडे दरवर्षी तोच संवाद होतो. मागच्या उन्हाळ्यातलं गवत जाळीतून उपसताना काड्यांना चिकटलेला पांढरा कडक थर तडतडत खाली पडतो, आणि आई म्हणते, "पाय रे बापा, किती मीठ जमलं!"

यंदा मी त्यातला एक तुकडा जिभेवर ठेवला. खारट लागला नाही. शाळेतला खडू चाखल्यासारखं वाटलं. मग त्यावर लिंबू पिळलं तर तो फसफसला. लिंबानं मीठ फसफसत नाही, चुनखडी फसफसते. म्हणजे हे कॅल्शियम कार्बोनेट, पुढे त्याला नुसतं चुना म्हणतो.

तरी आई अगदीच चुकली नव्हती. कूलर आणि मिठागर यांचा धंदा एकच आहे. पाणी वाऱ्यावर सोडायचं, आणि त्यातलं जे उडू शकत नाही ते मागे ठेवायचं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतलं २७ ग्रॅमच्या आसपास आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. पण पाणी आटू लागलं की आधी मीठ येत नाही. जवळपास निम्मं पाणी उडेपर्यंत चुना खाली बसू लागतो. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचाच दुसरा एक क्षार. मिठाची पाळी येते ती दहा वाट्यांतले नऊ वाटे उडून गेल्यावर. म्हणून पालघर-रायगडकडच्या मिठागरांत पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात असं पुढे सरकवत नेतात. चुना आणि जिप्सम अलीकडच्या वाफ्यांत राहतात आणि शेवटच्या वाफ्यात पांढरं मीठ धरतं. पाण्याचा दाटपणा मोजायला बोमे मीटर असतो. त्यावरचा आकडा २५ अंशांच्या आसपास आला की मीठ पडू लागतं, आणि ३० पर्यंत जायच्या आत उरलेलं पाणी काढून टाकावं लागतं, कारण त्यानंतर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात मिसळू लागतात.

आमच्या खिडकीतलं मिठागर पहिल्याच पायरीवर अडकलेलं असतं. नागपूरला पेंच धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यात मीठ इतकं थोडं, की ते खाली बसायला टाकी हजारो पटींनी आटवावी लागेल. बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्यांकडे थर लवकर आणि जाड धरतो, पण तोही मुख्यतः चुन्याचाच.

त्या कडू मॅग्नेशियमचा संबंध आपल्या स्वयंपाकघराशी आहे. मे महिन्यात नागपूरची दुपारची हवा इतकी कोरडी, आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर, की बरणीतलं जाडं मीठ वाळूसारखं खळखळतं. जुलैत त्याच बरणीच्या तळाशी पाणी सुटतं. मिठाच्या खड्यावर ओलाव्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो, आणि तो म्हणजे मिठाचं दाटात दाट द्रावण. अशा द्रावणावरून साध्या पाण्याच्या तीन चतुर्थांश एवढीच वाफ सुटते. हवेत त्याहून जास्त वाफ असली, म्हणजे आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की व्यवहार उलटा होतो. हवेतलं पाणी मिठात शिरू लागतं. ही झाली शुद्ध मिठाची गोष्ट. मॅग्नेशियम क्लोराइड तेहतीस टक्क्यांनाच पाझरू लागतं, आणि जाड्या मिठात ते थोडंफार राहिलेलं असतं. ओट्याजवळ कूलरची हवा येत असेल तर भर मे महिन्यातही जाडं मीठ चिकट होतं, ते यामुळे. पुन्हा हवा कोरडी झाली की तो पापुद्रा वाळतो, दोन खड्यांच्या मधे मिठाचा पूल बांधला जातो आणि बरणीत ढेकूळ तयार. पिशवीतलं बारीक मीठ धुऊन शुद्ध केलेलं असतं, शिवाय दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात अगदी किंचित दुसरा पदार्थ घालतात. आयोडीन असतं ते वेगळं, दहा लाख भागांत किमान १५. पण उघड्या, ओल्या बरणीत तेही टिकत नाही. झाकण घट्ट लावायचा आईचा धाक इथे अगदी रास्त आहे.

खरं मीठ पाहायचं असेल तर मे महिन्यात दुपारी सीताबर्डीहून स्कूटरवर घरी यावं आणि शर्ट काढून उजेडात धरावा. पाठीवर पांढऱ्या रेघांचा नकाशा उमटलेला असतो. तो चुना नाही, सोडियम क्लोराइडच आहे. रक्तातलं पाणी घामाच्या ग्रंथीत येतं तेव्हा ते चांगलंच खारट असतं, पण त्वचेपर्यंत येता येता ग्रंथीची नळी त्यातलं बरंचसं सोडियम परत ओढून घेते. आठ-दहा दिवस उन्हात काम केलं की ही नळी आणखी काटकसरी होते आणि घाम फिका पडतो. एप्रिलच्या सुरुवातीचं ऊन जास्त बाधतं, त्यामागे शरीराची ही तयारी झालेली नसणं हेही एक कारण.

गेलेलं पाणी भरून काढताना मीठ आणि साखर एकत्र का घ्यायची, याचं उत्तर लहान आतड्यात आहे. तिथल्या पेशींच्या भिंतीत एक दार असतं. ते ग्लुकोजला एकट्याला आत घेत नाही, सोडियमबरोबर घेतं. आणि ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जातं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला लावलं. मृत्यू झपाट्यानं घटले. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच मापाचा अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ वाढवून 'ताकद' वाढत नाही. जास्त खारट पाणी उलट अंगातलंच पाणी आतड्यात खेचतं. एरवी दिवसभरात मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं, पापड आणि तर्रीवर शेव असं जेवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा हिशेब जड जातो.

नागपूरला समुद्र नाही, पण मुंबईच्या गाडीत बसलं की चार-पाच तासांत खारं पाणी पायाखाली येतं. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा तो हाच. इथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं, की अकोल्याजवळच्या दहीहंड्याला पूर्वी त्यापासून मीठ काढत. गांधीजींनी ६ एप्रिल १९३० ला दांडीला मूठभर मीठ उचललं, आणि त्याच महिन्यात वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी दहीहंड्याच्या विहिरींचं पाणी आटवून कायदा मोडला. पण सगळीकडे अशा विहिरी कुठून आणायच्या? म्हणून जुलैत बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यात मिठाऐवजी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. मिठाचा लढा गवतावर लढण्याची ही युक्ती मला फार आवडते.

खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याचं दुखणं मात्र अजून तेच आहे. विहीर आहे, पाणी आहे, आणि ओलीत करता येत नाही. काळ्या मातीत सोडियम वाढलं की चिकणमातीचे कण फुगतात, सुटे होतात आणि जमिनीतली छिद्रं बुजवतात. वरून पाणी तुंबतं, खाली मुळं तहानलेली राहतात.

याचा छोटा नमुना मी घरीच करून बसलो. कूलरमधून नुसतं पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात, आणि आपण वरून पाणी भरत राहतो. मागच्या वर्षी जूनमध्ये टाकीच्या तळाचं ते दाट पाणी वाया कशाला घालवा म्हणून मी गच्चीवरच्या मोगऱ्याला घातलं. चार-पाच दिवसांत पानांच्या कडा विटकरी होऊन वळल्या. आईनं कुंडी उचलून पागोळ्यांखाली नेऊन ठेवली. जुलैभर पाऊस त्या मातीतून वाहून गेला, आणि ऑगस्टमध्ये नवी पालवी आली.