मोटरहोममधील टायरदाब निरीक्षण यंत्रणा

चालत्या मोटरहोमच्या (आत राहण्याची सोय असलेल्या मोटारगाडीच्या) प्रत्येक टायरमधील हवेचा दाब आणि तापमान मोजून ते बिनतारी संदेशाने चालकापुढच्या पडद्यावर दाखवणारी आणि दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की इशारा देणारी यंत्रणा. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला टीपीएमएस म्हणतात. अमेरिकेत मोटरकारमध्ये ती कारखान्यातूनच बसून येते. मोठ्या मोटरहोमच्या मालकाला मात्र बहुधा ती स्वतः निवडून, विकत घेऊन बसवावी लागते. या नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील मोटरहोमचा विचार केला आहे.

मालकावर ही वेळ येण्याचे कारण कायद्यात आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर हे टायर बसवलेले होते. त्यांचा रस्त्याला टेकणारा पट्टा धावताना सुटून येत असे, गाड्या उलटत आणि त्यात अनेकांचे जीव गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘ट्रेड’ या नावाचा कायदा झाला. त्यातून निघालेले १३८ क्रमांकाचे सुरक्षा मानक २००५ ते २००७ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाले. मात्र हे मानक एकूण वजनमर्यादा १०,००० पौंड (४,५३६ किग्रॅ.) किंवा त्याहून कमी असलेल्या वाहनांपुरतेच आहे, आणि एक्सलवर जोडचाके (प्रत्येक बाजूला शेजारी-शेजारी दोन चाके) असलेली वाहने त्यातून वगळली आहेत. एकेरी चाकांच्या व्हॅनवर बांधलेली लहान मोटरहोम या कक्षेत येतात. बसएवढी मोठी मोटरहोम आणि मागे जोडचाके असलेली मध्यम मोटरहोम बाहेर राहतात. ज्या वाहनांच्या टायरवर सर्वांत जास्त भार असतो, तीच अशी वगळली गेली.

कारसाठीचा नियम जसाच्या तसा मोटरहोमला लावला तरी पुरत नाही. त्या मानकाप्रमाणे दाब शिफारशीपेक्षा २५ टक्क्यांनी उतरला की दिवा लागला पाहिजे. पण शिफारस केलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर धावलेला ट्रकचा टायर (मोठ्या मोटरहोमला असेच टायर असतात) ‘हवेविना धावला’ असे टायर-उद्योग मानतो. तो चाकावरून उतरवून आतून तपासल्याशिवाय पुन्हा हवा भरू नये, असा दंडक आहे. कारण कमी हवेवर बाजूची भिंत वारंवार दुमडते, आतील पोलादी तारा थकतात, आणि मग हवा भरताना किंवा पुढच्या प्रवासात ती भिंत चेन उघडावी तशी उसवते. १०० पौंड हवेच्या टायरला कारच्या हिशेबाने इशारा मिळेल तो ७५ पौंडांवर, आणि तोवर तो टायर उतरवून तपासण्याची ८० पौंडांची रेषा मागे पडलेली असेल. (येथे पौंड म्हणजे दर चौरस इंचावरील दाब, आपल्याकडे पंक्चरच्या दुकानात ‘तीस पाउंड हवा मार’ म्हणतात तोच.) म्हणून कमी दाबाची मर्यादा मालकाला स्वतः ठरवता येणे ही निवडीतली पहिली अट. थंड दाबाच्या (गाडी बराच वेळ उभी असतानाच्या दाबाच्या) १० ते १५ टक्के खाली ती ठेवणे शहाणपणाचे. पुढच्या आणि मागच्या एक्सलचा दाब वेगळा असतो, मोटरहोमच्या मागे जोडून ओढून नेलेल्या कारचा तर फारच वेगळा. तेव्हा प्रत्येक एक्सलसाठी स्वतंत्र मर्यादा ठेवता आली पाहिजे.

जोडचाके : मोटरहोममधली खरी अडचण आतल्या चाकाची आहे. जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरचा टायर दोघांचा भार उचलतो. गाडी कलत नाही, स्टिअरिंग ओढत नाही, आरशात काही दिसत नाही. भार दुपटीने वाढलेला बाहेरचा टायर तापत जातो, आणि बसलेला टायर शेजारच्यावर घासून पेट घेऊ शकतो. आपल्याकडे ट्रकचा क्लीनर ढाब्यावर थांबल्यावर लोखंडी टॉमीने टायर ठोकून आवाज ऐकतो; अमेरिकेतही हीच पद्धत लाकडी दांडक्याने चाले. पूर्ण बसलेला टायर या ठोक्यात सापडतो, १०० चा ७५ वर आलेला भरवशाने सापडत नाही. मोटरहोमच्या मागे ओढल्या जाणाऱ्या कारचेही असेच आहे. तिचा टायर फुटून रिमवर फरफटत असला तरी इंजिनाच्या ताकदीपुढे पुढे बसलेल्याला ते जाणवत नाही. मागे जोडचाके असलेल्या मोटरहोमला सहा सेन्सर लागतात, जास्तीचा टॅग एक्सल असेल तर आठ, आणि कार ओढायची असेल तर आणखी चार.

सेन्सरचे प्रकार : अप्रत्यक्ष पद्धतीत सेन्सरच नसतो, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने चाकाच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून दाब ताडला जातो. कमी हवेच्या चाकाचा परिघ किंचित घटतो आणि ते जलद फिरते. जोडचाके एकाच हबवर एकत्र फिरतात, त्यामुळे आतले कोण आणि बाहेरचे कोण हे या पद्धतीला कळण्याचा मार्गच नाही. मोटरहोमसाठी प्रत्यक्ष सेन्सरच हवेत. ते रिमवर पट्ट्याने आवळून टायरच्या आत बसवता येतात. आतला सेन्सर चोरीला जात नाही आणि तापमान खरे दाखवतो, पण त्याचा सेल संपला की टायर उतरवावा लागतो. म्हणून व्हॉल्व्हवर टोपणाच्या जागी फिरवून बसवायचे सेन्सर जास्त रूढ आहेत. त्यांचाच एक प्रकार न काढता हवा भरू देतो. तो सोयीचा खरा, पण लांब आणि जड असतो.

इथे व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष करून चालत नाही. टोपणासारखा सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो, तेव्हाच त्याला दाब कळतो. म्हणजे सेन्सरची रबरी चकती गळू लागली की टायरच गळू लागतो. बसवल्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे हे दोन मिनिटांचे काम कधीही चुकवू नये. साधा रबरी व्हॉल्व्ह सुमारे ६५ पौंडांपर्यंतच्या दाबासाठी असतो; त्यावर सेन्सरचे वजन आले की चाकाच्या फिरण्याने तो मुळाशी हेलकावे खातो आणि चिरतो. सेन्सर घेण्याआधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत. आतल्या चाकासाठी लवचिक जोडनळीपेक्षा लांब, अखंड धातूचा व्हॉल्व्ह बरा, कारण प्रत्येक जोड ही गळतीची एक जागा असते.

संदेश आणि मौन : यंत्रणा विश्वासार्ह आहे की नाही हे तिच्या गप्प राहण्यावरून ओळखावे. पडद्यावर आकडा दिसतो आहे, तो आत्ताचा की वीस मिनिटांपूर्वीचा? बऱ्याच यंत्रणांत सेन्सरचा संदेश तुटला तरी शेवटचा आकडा काही काळ तसाच राहतो. मोटरहोम १२ मीटर लांब असू शकते. मधे पोलादी सांगाडा, टाक्या, काही गाड्यांत मागे बसवलेले डिझेल इंजिन. ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलणारा बटण-सेलवरचा एवढासा सेन्सर पुढे ऐकू येईलच असे नाही. म्हणून मागच्या बाजूला संदेश पुढे पाठवणारा रिपीटर लागतो. तो संचासोबतच घ्यावा. फोनवर ब्लूटूथने चालणारे स्वस्त संच या अंतरासाठी मला योग्य वाटत नाहीत.

तपासणी घरच्या अंगणात करता येते. इंजिन चालू ठेवून सर्वांत मागच्या चाकाचा सेन्सर फिरवून काढावा. दाब एकदम पडल्याचा इशारा काही सेकंदांत आला पाहिजे. नंतर त्याचा सेल काढून ठेवावा आणि ‘या चाकाचा संदेश येत नाही’ हे यंत्रणा किती वेळाने सांगते ते मोजावे. जी हे सांगतच नाही ती परत करावी. टीएसटी, ईझ-टायर, टायरमाइंडर, प्रेशरप्रो ही या बाजारातली परिचित नावे आहेत. नाव कोणतेही असो, ही परीक्षा घ्यावीच.

दाब ठरवणे : यंत्रणेला दिलेला मूळ आकडाच चुकीचा असेल तर तिचा इशाराही चुकीचा. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब हा त्या टायरच्या कमाल भारासाठीचा असतो. आपल्या गाडीचा दाब ठरवायला ती पाणी, सामान, माणसे यांसह वजनकाट्यावर न्यावी लागते. अमेरिकेत हमरस्त्यांवरील ट्रक-थांब्यांवर कॅट कंपनीचे काटे एक्सलनुसार वजन देतात. मग टायर-उत्पादकाच्या तक्त्यातून त्या भारासाठीचा दाब काढतात. तो दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजलेला.

धावताना आकडा चढतो. २० अंश सेल्सिअसला १०० पौंड असलेला टायर आतून ६० अंशांवर गेला की सुमारे ११५ पौंड दाखवतो. हे अपेक्षित आहे. घाबरून हवा सोडू नये. पण याच चढण्यात एक फसवणूक दडलेली आहे. बाकीचे टायर ११५ वर असताना एखादा १०० वर असेल तर तो पंधरा पौंड गमावून बसला आहे, आणि थंड दाबावरून ठरवलेली मर्यादा ओलांडली न गेल्याने गजर मात्र झालेला नाही. एका वेळी सर्व चाकांचे आकडे शेजारी-शेजारी दाखवणारा पडदा म्हणूनच घ्यावा. एकेक चाक फिरवत दाखवणाऱ्या पडद्यावर हा फरक सुटतो. जोडीतील दोन टायरची तुलना तर सतत होत राहिली पाहिजे.

उंचीचाही परिणाम होतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पश्चिमेचा आयझनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरांवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ ५ पौंडांनी कमी असतो. तापमान तेच राहिले तर हातातला मापक तेवढाच जास्त दाब दाखवेल. काही सेन्सर मात्र निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब न वजा करता टायरमधला पूर्ण दाब) मोजून त्यातून समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब वजा करतात, त्यांचा आकडा हलत नाही. दोन उपकरणे घाटमाथ्यावर जुळली नाहीत म्हणून त्यातले एक बिघडले असे समजू नये.

मर्यादा : ही यंत्रणा हवा पाहते, टायर पाहत नाही. मोटरहोम वर्षातले कित्येक महिने उभी असते, त्यामुळे तिच्या टायरची नक्षी झिजण्याआधी रबरच म्हातारे होते. टायरच्या भिंतीवरच्या सांकेतिक क्रमांकातले शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ते वाचणे मालकाच्याच हाती आहे. आतला थर सुटत असेल तर फुटण्याच्या क्षणापर्यंत दाब व्यवस्थित दिसू शकतो.

भारतात २०२० पासून साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांत अशी यंत्रणा बसवलेली असल्यास ती ‘एआयएस-१५४’ मानकाप्रमाणे असावी लागते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हान (मोटरहोमसारखी राहण्याची सोय असलेली गाडी) पर्यटनाचे धोरण आणले, आणि ७०१ किमी. लांबीच्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर वाहनांचे टायर तपासण्याची मोहीमही परिवहन विभागाने घेतली. मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेल्या, मागे जोडचाके असलेल्या कॅरॅव्हानला वरील सर्व विवेचन लागू पडते. अमेरिकेत सुट्टीपुरती मोटरहोम भाड्याने घेणाऱ्या कुटुंबानेही टोपण-सेन्सरचा संच सोबत नेण्यास हरकत नाही. व्हॉल्व्ह धातूचे असल्याची खात्री करून तो बसवावा, आणि गाडी परत देताना मूळ टोपणे आठवणीने लावावीत.