मूत्रपिंडविकार-संशोधन

मूत्रपिंडांचे आजार कशामुळे होतात, किती वेगाने वाढतात आणि कशाने थोपवता येतात, याचा रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून घेतलेला शोध. बडोद्यातल्या मराठी घरातून या क्षेत्राकडे वळणाऱ्या डॉक्टरची वाट सहसा बडोदे मेडिकल कॉलेज (स्थापना १९४९) आणि त्याला जोडलेले सर सयाजीराव रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘एसएसजी’, इथून सुरू होते. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमडी, मग आणखी तीन वर्षे नेफ्रॉलॉजीचे, म्हणजे मूत्रपिंडशास्त्राचे, डीएम ही त्यापुढची पदवी. स्वतःचा पहिला प्रश्न हाती घेईपर्यंत तिशी आलेली असते.

पुढचे कामही संथच चालते, आणि त्याचे कारण त्या अवयवातच आहे. एकेका मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवीवाटे जातो. क्षमता इतकी जादा, की निम्मी गमावली तरी रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ, जेमतेम वाढते. माणूस दुकान सांभाळतो, नवरात्रात गरबा खेळतो, आणि पायांवर सूज दिसेपर्यंत बरेचसे हातचे गेलेले असते. औषधाचा गुण आला की नाही, हे ठरवायलाही वर्षे जातात.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतले प्रथिन आणि शवविच्छेदनात आढळलेली खराब मूत्रपिंडे यांचा संबंध जोडला. जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून तपासण्याची रीत कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रुन यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून आजार चालू असतानाच त्याचे रूप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येऊ लागले.

भारतात चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय शिक्षण-संशोधन संस्थेतील कृपालसिंग चुघ यांनी या शाखेचा पाया घातला. घोणस चावल्यावर किंवा जुलाबाने शरीरातले पाणी आटल्यावर मूत्रपिंडे अचानक बंद का पडतात, हे त्यांचे विषय पाश्चात्त्य पुस्तकांत फारसे नव्हते. गुजरातेत हरगोविंद त्रिवेदी १९७७ साली कॅनडातून परतले आणि अहमदाबादेत मूत्रपिंड संस्था उभी राहिली. रोपण केलेले मूत्रपिंड कमीत कमी औषधांत शरीराने स्वीकारावे म्हणून त्यांनी मूलपेशींचे प्रयोग केले. हे प्रयोग धाडसी होते. सर्वत्र रूढ मात्र झाले नाहीत.

प्रस्तुत लेखकाच्या मते या भागातले अधिक टिकाऊ काम बडोद्याजवळच्या नडियादशी जोडलेले आहे. तेथील मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे मोहन राजापूरकर आणि देशभरातील त्यांचे सहकारी यांनी जुनाट मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही चालवली. तिचा पहिला अहवाल २०१२ मध्ये निघाला. त्यातील ५२,२७३ प्रौढांपैकी ३१ टक्क्यांच्या आजाराचे मूळ मधुमेहात होते. १६ टक्क्यांचे कारण सापडलेच नाही. कारणांच्या यादीत या ‘अज्ञात’चा क्रमांक दुसरा लागला. जवळजवळ निम्मे रुग्ण नोंदले गेले तेच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर. तिथे डायलिसिस किंवा रोपण यांखेरीज फारसे काही उरत नाही, आणि संशोधकाला आजाराची सुरुवात दिसतच नाही.

नोंदवहीत पुरुष ७० टक्के, स्त्रिया ३०. जगभरच्या पाहण्यांत हा आजार बायकांमध्ये कमी आढळत नाही, उलट किंचित अधिकच आढळतो. तेव्हा हा फरक आजाराचा कमी आणि दवाखान्यापर्यंत कोण पोहोचते याचा जास्त. मूत्रपिंड देण्याच्या वेळी मात्र चित्र उलटते : देशातील जिवंत दात्यांत आया आणि पत्नीच पुष्कळ.

या सगळ्या कष्टांतून पूर्ण बरे करणारे औषध हाती आलेले नाही; वेग कमी करणारी आली आहेत. लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाचा मधुमेही मूत्रपिंडविकारातला उपयोग २००१ मध्ये सिद्ध झाला. मूळची मधुमेहाची गोळी असलेल्या डॅपाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्यांचीही मूत्रपिंडे जास्त काळ टिकतात, हे २०२० मध्ये दिसले. पथ्याचे काम घरच्यांवर पडते. सेव-उसळीतले मीठ रक्तदाब वाढवते, हे सांगितले की पटते. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यायचे नाही, हे पटवणे अवघड. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे थकली की ते रक्तात साचते आणि हृदयाचे ठोके बिघडवते.