'होस्ट नॉट रिस्पॉन्डिंग' असा अलर्ट आला, तर आधी वेळ लिहून ठेवा

व्हीसेंटरमध्ये, म्हणजे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरमध्ये, ईएसएक्सआय होस्टच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरच्या) नावापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' दिसतं आणि दोन-चार मिनिटांत आपोआप जातं. वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत आमच्या अनेक ग्राहकांना हा अनुभव येतो. अशा वेळी आमची पहिली विनंती एकच असते: होस्टचं पॉवर बटण दाबू नका. व्हीसेंटरचा होस्टशी संपर्क तुटला, एवढंच हा अलर्ट सांगतो. होस्टवरची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच्या आत सॉफ्टवेअरने चालणारे संगणक, बहुतेकदा चालूच असतात. टॅली उघडतंय का, फाइल सर्व्हर दिसतोय का, ते आधी बघा. उघडत असेल, तर बटण दाबून चालू काम आपणच बंद पाडू.

होस्ट दर 10 सेकंदांनी व्हीसेंटरला 'मी आहे' असा छोटा संदेश पाठवतो. हा हार्टबीट यूडीपी 902 या पोर्टवरून जातो. 60 सेकंदांत एकही पोचला नाही की अलर्ट वाजतो. यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीत पोचपावती नसते, त्यामुळे वाटेत हरवलेला संदेश हरवलाच.

म्हणूनच अलर्ट केव्हा येतो, यावरून बरंच कळतं. होस्ट जोडला की नीट दिसतो, मिनिटभरात तुटतो, पुन्हा जोडला की पुन्हा तेच, असं असेल तर संशय फायरवॉलवर. पोचपावती असलेल्या टीसीपीचे पोर्ट उघडलेले असतात, यूडीपी 902 मात्र राहून जातो. व्हीसेंटरचा आयपी बदलला असेल आणि होस्ट जुन्याच पत्त्यावर संदेश पाठवत असेल, तरीही हेच घडतं. रोज रात्री ठरावीक वेळी तुटत असेल, तर बॅकअपची वेळ ताडून बघा. मॅनेजमेंट (व्हीसेंटर आणि होस्टमधलं बोलणं) आणि बॅकअप एकाच केबलवरून जात असतील. सगळे होस्ट एकदम गेले, तर होस्टच्या मागे लागू नका. व्हीसेंटरची डिस्क भरली आहे का आणि मधला स्विच ठीक आहे का, ते तपासा.

काहीच वेळ जुळत नसेल, तर केबल हाताने तपासा. रबाळ्याच्या एका कारखान्यात आम्ही दोन दिवस लॉग, म्हणजे होस्टने ठेवलेल्या नोंदी, वाचले. नेटवर्क कार्डावर सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या डेटाची गणती, वाढत होते. शेवटी रॅकच्या मागे गेलो, तर केबलच्या टोकाची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली. रॅकचं दार लावलं की केबल दाबली जायची आणि टोक किंचित बाहेर सरकायचं. केबल बदलली, अलर्ट थांबले. तेव्हापासून आम्ही आधी रॅकमागे जातो, मग लॉग उघडतो.

60 सेकंदांची मर्यादा 120 करता येते. शोध चालू असेपर्यंत ते ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. होस्टचे मॅनेजमेंट एजंट (व्हीसेंटरशी बोलणारे होस्टवरचे प्रोग्राम) रिस्टार्ट करण्याआधी, विशेषतः व्हीसॅन (होस्टच्या डिस्क एकत्र जोडून केलेलं स्टोरेज) असेल तर, आम्हाला फोन करा.

फोन करताना अलर्टची नेमकी वेळ आणि होस्टचं नाव सांगा. होस्ट पेनड्राइव्हवरून किंवा एसडी कार्डवरून बूट होत असेल, तर तेही सांगा. अशा होस्टवर लॉग अनेकदा रॅममध्येच असतात आणि रिस्टार्ट केलं की पुसले जातात.